लोणचं, नियमपुस्तक आणि काउंटी फेअर: फोर-एचच्या एका प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

फोर-एच म्हणजे मुलांना प्रकल्प करत शिकवणारी अमेरिकेतली चळवळ. आयोवातल्या आमच्या फोर-एच क्लबातल्या पाचवीच्या एका मराठी मुलीने काउंटी फेअरसाठी, म्हणजे मुलांचे प्रकल्प जिथे मांडतात आणि तपासतात त्या जिल्ह्याच्या जत्रेसाठी, ‘आजीचं कैरीचं लोणचं’ हा प्रकल्प ठरवला. मार्च उजाडेपर्यंत घरात सगळ्यांचं एकमत झालं होतं, पोस्टरचा रंगसुद्धा ठरला होता. मग नियमपुस्तक उघडलं आणि कळलं, की तेलातलं लोणचं फेअरच्या टेबलावर ठेवताच येणार नाही. हे प्रकरण सविस्तर लिहितेय, कारण आपल्या घरांतले पालक फोर-एचबद्दल मला जे प्रश्न विचारतात, ते जवळजवळ सगळे यात एकत्र आले. मी या क्लबात स्वयंसेवक लीडर आहे. मुलीचं नाव आणि काउंटी मुद्दामच देत नाही.

थोडी पार्श्वभूमी

१९०२ साली ओहायोच्या क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम नावाच्या शाळा-अधीक्षकांनी मुलामुलींचा शेतीक्लब सुरू केला. त्याच सुमारास आयोवाच्या पेज काउंटीत जेसी फील्ड या शिक्षिका मुलांसाठी मक्याचा आणि मुलींसाठी घरकामाचा क्लब चालवत होत्या. यामागचा विचार साधा होता. कृषी विद्यापीठांत नवं काही सापडलं, तरी मोठी माणसं ते सहजी मानायला तयार नसत. मुलं मात्र करून बघत. मुलाच्या वाफ्यातला मका बापाच्या मक्यापेक्षा सरस आला, की पुढच्या वर्षी बापही तेच बियाणं वापरी. १९१० मध्ये साउथ कॅरोलायनाच्या एकन काउंटीत मारी क्रोमर या शिक्षिकेने मुलींचा टोमॅटो क्लब काढला. प्रत्येक मुलीकडे एकराचा दहावा भाग. त्यात टोमॅटो लावायचे आणि पिकले की डबाबंद करून विकायचे. १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने विद्यापीठांतलं ज्ञान शेतात आणि घराघरांत पोचवणारी विस्तार सेवा उभी राहिली आणि असे विखुरलेले क्लब तिच्या छत्राखाली आले. आयोवात हे काम आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीचा विस्तार विभाग बघतो. चार एच म्हणजे डोकं, हृदय, हात आणि आरोग्य यांच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं.

हा इतिहास मी पालकांना आवर्जून सांगते. अन्न टिकवून बरणीत भरणं हा फोर-एचमधला शोभेचा विषय नाही, चळवळीच्या मुळाशी तो आहे. आणि मुलांनी शिकलेलं घरात पोचवावं ही कल्पनाही तितकीच जुनी आहे. आमच्या या प्रकरणात तेच घडलं, फक्त ज्ञान दोन्ही बाजूंनी वाहिलं.

आयोवात चौथी ते बारावीची मुलं फोर-एचची सभासद होतात. फेअरला नेलेल्या प्रत्येक वस्तूसोबत ध्येयपत्र लागतं. त्यात तीन प्रश्न असतात: तुझं ध्येय काय होतं, त्यासाठी तू काय काय केलंस, आणि त्यातून सर्वांत महत्त्वाचं काय शिकलीस. परीक्षक समोर बसून मुलाशी बोलतात आणि वस्तू त्या ध्येयाच्या कसोटीवर बघतात. नवे पालक हे पत्र शेवटच्या आठवड्यात भरायचा फॉर्म समजतात. माझ्या मते अर्धा प्रकल्प त्या पत्रात असतो.

घर आणि प्रकल्प

आजी रत्नागिरीकडची. सहा महिन्यांसाठी लेकाकडे आलेली. आई-बाबा दोघंही नोकरीत. मुलीला स्वयंपाकघराची आवड आणि आजीचा लळा, त्यामुळे विषय आपोआप ठरला. ध्येयपत्राचा तिचा पहिला मसुदा एका ओळीचा होता: ‘मला आजीसारखं लोणचं करायला शिकायचं आहे.’

वाक्य मनापासून लिहिलेलं होतं, पण ध्येय म्हणून ते अपुरं होतं. आजीसारखं म्हणजे कसं? झालं की नाही, हे कोण ठरवणार? मी तिला एवढंच विचारलं, “लोणचं वर्षभर का टिकतं गं?” ती म्हणाली, “कारण आजी करते म्हणून.” मग म्हणाली, “थांब ताई, तिलाच विचारते.”

आजीने जे सांगितलं ते मुलीने वहीत उतरवलं. ती वही या प्रकल्पातली सर्वांत मोलाची गोष्ट ठरली. बरणी धुऊन, पुसून, उन्हात कडकडीत वाळवायची. फोडी पुसून कोरड्या करायच्या, मीठ-हळद लावून ठेवायच्या. सुटलेला खार फेकायचा नाही. मोहरीची डाळ, मेथी, हिंग. तेल तापवायचं आणि पूर्ण गार झाल्यावरच ओतायचं, फोडी तेलाखाली बुडल्या पाहिजेत. वरून दादरा बांधायचा. ओला चमचा घालायचा नाही. मीठ किती? “मुठीने घालायचं.”

इथे मुलीने जे केलं ते मला फार आवडलं. तिने स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणला, वर वाडगं ठेवलं आणि आजीला एकेक मूठ त्यात टाकायला लावली. पहिली मूठ ५२ ग्रॅम, दुसरी ४९, तिसरी ५४. किलोभर फोडींना आजी चार मुठी घालायच्या, म्हणजे मीठ दोनशे ग्रॅमच्या आसपास. आजी स्वतःही काट्याकडे बघत राहिल्या. “इतकी वर्षं घालतेय, कधी मोजलं नव्हतं,” म्हणाल्या.

नियम कुठे आडवा आला

आमच्या काउंटीच्या नियमपुस्तकात टिकाऊ पदार्थांची अट स्पष्ट आहे. पाककृती प्रयोगशाळेत तपासलेली हवी, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याची, विस्तार सेवेची किंवा जॉर्जिया विद्यापीठातल्या घरगुती अन्न टिकवण्याच्या राष्ट्रीय केंद्राची. लेबलवर पाककृतीचा स्रोत, तारीख, पद्धत आणि किती वेळ प्रक्रिया केली ते लिहायचं. फेअरला चालणार नाहीत अशा पदार्थांची यादीही असते: कस्टर्ड, क्रीम चीजचं आयसिंग, लसूण किंवा मसाल्याची पानं घातलेलं तेल, घरच्या अंदाजाने बरणीत भरलेलं काहीही.

आजींना हे ऐकून वाईट वाटलं. आईला रागच आला. “आमच्या चार पिढ्यांनी खाल्लं, कुणाला काही झालं नाही,” असं तिने मला फोनवर सांगितलं. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. कैरी मुळात आंबट, वर मीठ भरपूर, त्यामुळे बहुतेक जंतूंचं काही चालत नाही. पण फेअरचा नियम आजींच्या हातावर शंका घेत नाही. प्रत्येक घरचं प्रमाण वेगळं आणि त्यातलं कुठलंही कुणी मोजून तपासलेलं नाही, एवढीच नियमाची अडचण आहे.

भीती आहे ती बोट्युलिझमची, म्हणजे एका जंतूच्या विषामुळे होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेची. त्या जंतूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. हवा नसलेल्या, कमी आम्ल जागेत ते वाढतात आणि विष तयार करतात. पीएच हे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट; पीएच ४.६ ही त्यातली सीमा धरतात. त्याखाली आम्लता पुरेशी असते आणि जंतू वाढू शकत नाही. तेलाचा थर बुरशीला अडवतो, पण हवाही अडवतो, म्हणून तेलात बुडालेला लसूण हा खरा धोक्याचा पदार्थ. हे मुलीला समजावताना मी चित्र काढलं नाही की कथा रचली नाही, सरळ हेच सांगितलं. अकरा वर्षांच्या मुलाला हे नीट कळतं. मोठ्यांनाच ते उगाच अवघड वाटतं.

दोन वाटा

लोणचं सोडून केक करावा, असं आईने सुचवलं. मी विरोध केला. मुलीच्या डोक्यात एक चांगला प्रश्न जागा झाला होता, तो सोडून केक कशासाठी? नियमपुस्तकात दुसरी सोय होती. अन्न आणि पोषण विभागात प्रत्यक्ष पदार्थाऐवजी माहितीफलकही मांडता येतो. म्हणून प्रकल्पाचे दोन भाग केले. एक, तपासलेल्या पाककृतीची कैरीची चटणी, बरणीबंद. दोन, आजीच्या लोणच्यात काय काय टिकवण्याचं काम करतं, हे सांगणारं पोस्टर.

ध्येयपत्राचा दुसरा मसुदा तिनेच लिहिला: ‘आजीच्या लोणच्यात कोणत्या गोष्टी ते टिकवतात हे मी शोधेन, आणि कृषी खात्याच्या पाककृतीने कैरीची चटणी बरणीत भरून तिच्याशी तुलना करेन.’ आता यात काय झालं आणि काय नाही, ते बघता येत होतं.

चटणी

राष्ट्रीय केंद्राच्या पाककृतीत ११ कप चिरलेली कडक कच्ची कैरी लागते, तीही टॉमी अ‍ॅटकिन्स किंवा केंट जातीची. बाबा डे मॉइनच्या भारतीय दुकानातून हिरवीगार, आंबट कैरी घेऊन आले होते. मुलीने ती बाजूला ठेवली. पाककृतीत जात लिहिलीय, ती त्याच जातीवर तपासलीय, असं ती म्हणाली. सुपरमार्केटातले टॉमी अ‍ॅटकिन्स दाबून बघत कडक तेवढे निवडले. बाबांच्या कैरीचं आजीने लोणचं घातलं, ते घरच्यासाठी.

त्यात कांदा, आलं, बेदाणे, साखर आणि ५ टक्के आम्लतेचं पांढरं व्हिनेगर ३ कप. लसूण फक्त दीड टेबलस्पून. “एवढ्याशा लसणाने काय चव येणार?” आजींनी विचारलं. नात म्हणाली, “आजी, लसूण वाढवला तर आंबटपणा कमी पडतो. तू हवं तर जेवताना वरून घे.”

तिखटाचा प्रश्न वेगळा होता. इकडे ‘चिली पावडर’ नावाने जे मिळतं त्यात मिरचीबरोबर जिरं, लसूण, ओरेगॅनो असं मिश्रण असतं. मुलीला आपलं लाल तिखट घालायचं होतं. कोरडे मसाले बदलले तरी आम्लतेत फरक पडत नाही, म्हणून ते चालतं. व्हिनेगर, कैरी, कांदा, लसूण यांचं प्रमाण मात्र जसंच्या तसं ठेवायचं. कुठे हात घालायचा आणि कुठे नाही, याची तिने वहीत दोन रकान्यांची यादी केली. चौथी-पाचवीतल्या मुलाकडून याहून अधिक मी कधी मागणार नाही.

बरणीच्या तोंडाशी अर्धा इंच जागा सोडून चटणी भरायची, प्लॅस्टिकच्या पट्टीने हवेचे बुडबुडे काढायचे, कडा पुसायची, झाकण बोटांच्या जोराने बसेल इतकंच आवळायचं. मग उकळत्या पाण्यात ठेवायचं. किती वेळ, हे समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवर ठरतं. १,००० फुटांपर्यंत १० मिनिटं, त्यावर ६,००० फुटांपर्यंत १५. आयोवा सपाट आहे म्हणून सगळे १० धरून चालतात. मुलीने घराची उंची नकाशावर शोधली, ती १,०४० फूट निघाली. मग १५ मिनिटं.

दुसऱ्या दिवशी एका बरणीचं झाकण मधोमध दाबलं की टकटक वाजत होतं, म्हणजे ती सील झाली नव्हती. ती फ्रीजमध्ये ठेवून त्याच आठवड्यात संपवली. आईचं म्हणणं होतं की हे वहीत कशाला लिहायचं. मुलीने लिहिलं.

पोस्टर आणि बाबा

बाबांनी एका रात्रीत लॅपटॉपवर पोस्टर तयार केलं. देखणं होतं. आलेख, इंटरनेटवरून घेतलेले कैरीचे फोटो, कोपऱ्यात फोर-एचचं चारपानी क्लोव्हर, पोस्टरला शोभेल अशा केशरी रंगात. मला ते अभिमानाने पाठवलं. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नव्हती, पण त्या पोस्टरमध्ये मुलगी कुठेच नव्हती. नियमांच्याही दोन अडचणी होत्या. दुसऱ्याच्या मालकीचे फोटो परवानगीशिवाय लावता येत नाहीत, आणि क्लोव्हरचं चिन्ह कायद्याने संरक्षित आहे, त्याचा रंग किंवा आकार बदलायचा नाही.

मी त्यांना विनंती केली, की तुम्ही पुठ्ठा कापून द्या, काटकोन बघा, गाडीने आणून सोडा. मजकूर तिचा, फोटो तिचे, अक्षर तिचं. आपल्याकडे शाळेचा प्रकल्प रात्री जागून आई-बाबांनी पूर्ण करून देणं इतकं अंगवळणी पडलंय, की त्यात काही वावगं आहे असं वाटत नाही. इथे परीक्षक समोर बसून मुलालाच विचारतात, त्यामुळे ती मदत मुलाच्याच अंगावर येते. जे आपण लिहिलं नाही त्याचं उत्तर मूल देऊ शकत नाही आणि त्या टेबलावर ते फार एकटं पडतं. हे मी इतर क्लबांच्या मुलांच्या बाबतीत पाहिलं आहे. म्हणून या एका गोष्टीवर मी अडून बसते.

मुलीचं पोस्टर साधं झालं. मधोमध पीएचची आडवी पट्टी, ४.६ वर लाल रेघ. कैरी, व्हिनेगर, कांदा, लसूण यांची तिने पीएच मोजायच्या कागदी पट्ट्यांनी केलेली मोजणी त्यावर चिकटवलेली: कैरी तीनच्या आसपास, लसूण सहाच्या जवळ. डावीकडे आजीच्या मुठी काट्यावर, तिने काढलेले फोटो. उजवीकडे आजीचे नियम आणि प्रत्येकापुढे कारण. ‘ओला चमचा नको: पाणी गेलं की त्या जागी मीठ पातळ होतं.’ ‘दादरा: माशी आणि धूळ बाहेर.’ खाली एक ओळ: ‘हे लोणचं तपासलेली पाककृती नाही, म्हणून मी ते फेअरला आणलं नाही.’ ती ओळ तिला कुणी सुचवली नव्हती.

परीक्षण

जुलैतली सकाळ, फेअरच्या इमारतीत पंख्यांची घरघर, रांगेत मांडीवर बरण्या घेऊन बसलेली मुलं. पालकांनी मागे बसायचं, मध्ये बोलायचं नाही.

चटणीच्या परीक्षक बाईंनी बरणी उजेडात धरली. अशा बरण्यांची चव घेत नाहीत, उघडून वास, रंग, फोडी बघतात. एका बरणीत वरची रिकामी जागा अर्ध्या इंचाऐवजी इंचभर होती आणि कड्याखाली चिकट ओघळ वाळलेला होता. त्यांनी विचारलं, आच बंद केल्यावर किती वेळ थांबलीस? ती म्हणाली, लगेच काढली. त्यांनी सांगितलं, पातेल्याचं झाकण काढून पाच मिनिटं बरण्या पाण्यातच राहू द्यायच्या, नाहीतर आतला दाब एकदम बदलतो आणि रस बाहेर येतो. मुलीने ते तिथेच वहीत लिहून घेतलं. सील न झालेल्या बरणीबद्दलही तिने आपणहून सांगितलं. तिखट का बदललं, उंची कशी शोधली, हे सगळं नीट सांगितलं. तरी फोडी लहान-मोठ्या होत्या आणि ती जागा होतीच. चटणीला लाल फीत मिळाली.

पोस्टरच्या परीक्षकांनी बराच वेळ फक्त मुठींबद्दल विचारलं. लाल रेघेवर बोट ठेवून विचारलं, कांदा या रेघेच्या वर आहे, मग चटणी सुरक्षित कशी? ती म्हणाली, व्हिनेगर आणि कैरी मिळून सगळं मिश्रण रेघेखाली आणतात, म्हणूनच कांद्याचं माप बदलायचं नाही. पोस्टरला निळी फीत मिळाली. राज्याच्या जत्रेसाठी काउंटीतून मोजकेच प्रकल्प जातात, त्यात तिचं नाव नव्हतं.

आईचा पहिला प्रश्न: “मग पहिलं कोण आलं?” कुणीच नाही. इथे डॅनिश पद्धतीने परीक्षण होतं. प्रत्येक वस्तू ठरलेल्या निकषांवर मोजतात, शेजारच्या मुलाशी तुलना नसते. उत्तम असेल तर निळी, चांगली पण सुधारायला जागा असेल तर लाल, बरंच काम बाकी असेल तर पांढरी. एका वर्गात सगळ्यांना निळी मिळू शकते, कुणालाच न मिळणंही शक्य असतं. वरच्या बक्षिसांसाठी निळ्यांतून वेगळी निवड होते, ती नंतरची. नंबरावर वाढलेल्या आपल्या पिढीला हे पचायला वेळ लागतो. मला ही पद्धत न्याय्य वाटते, विशेषतः या वयात. लाल फितीचं कारण मुलीला जितकं नेमकं कळलं, तितकं ‘तिसरा नंबर’ ऐकून कधीच कळलं नसतं. तरी तिला रडू आलं, आणि ते आजीच्या कुशीत थांबलं, हेही नोंदवते. मुलं मनापासून काम करतात तेव्हा रडतातही.

नंतर

क्लबात आम्ही तीन गोष्टी बदलल्या. ध्येयपत्राचा पहिला मसुदा आता जानेवारीच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचतो आणि इतर मुलं त्यावर ‘हे झालं की नाही, कसं कळेल?’ एवढा एकच प्रश्न विचारतात. पदार्थ बरणीबंद करणार असतील तर पाककृतीचा छापील स्रोत मार्चपर्यंत मला दाखवायचा. फेअरच्या आधी एका संध्याकाळी मुलांची एकमेकांकडून मुलाखत घेतो, पालक खोलीबाहेर.

आजी ऑगस्टमध्ये परत गेल्या. जाताना पाच मिनिटं थांबायची गोष्ट त्यांनी आपल्या वहीत लिहून घेतली, कारण रत्नागिरीला त्या कोकमाचं आणि कैरीचं सरबत बाटल्यांत भरतात. मुलीने यंदा आंबापोळी निवडली आहे. इकडे फळांच्या रसाच्या वाळवलेल्या पोळीची तपासलेली पद्धत आहे आणि १४० अंश फॅरनहाइटवर चालणारं वाळवणयंत्र आमच्या एका सभासदाकडे आहे. आजीची पद्धत ताटाला तूप लावून उन्हात वाळवायची. ध्येयपत्राचा तिचा मसुदा दोन दिवसांपूर्वी आला. त्यात ‘शिकायचं आहे’ हे शब्द नाहीत. वाळायला किती तास लागतात, जाडी किती ठेवली तर पोळी मोडत नाही, आणि उन्हातली व यंत्रातली पोळी चवीला किती वेगळी, हे तीन प्रश्न आहेत. तिसऱ्याचं उत्तर ठरवायला चव घेणारी माणसं कुठून आणायची, यावर सध्या आमची चर्चा चालू आहे.